रोन खोऱ्यातील रेड वाइन आणि त्यांच्याबरोबरचे जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समधील रोन नदीच्या खोऱ्यात होणाऱ्या रेड वाइनविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. त्यांपैकी पुष्कळ प्रश्नांच्या मुळाशी 'रोन' ही एकच चव आहे असा समज दिसतो. प्रत्यक्षात एकाच नदीकाठी, एकाच नावाखाली दोन निराळे प्रदेश नांदतात आणि बाटली त्यांपैकी कोणत्या प्रदेशातली आहे हे कळल्याशिवाय तिच्याबरोबर काय वाढावे हे ठरवता येत नाही. म्हणून आधी प्रदेश, मग द्राक्षे आणि त्यानंतर जेवण, असा क्रम ठेवला आहे.

१. रोन खोरे नेमके कोठे आहे?

रोन नदी स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात उगम पावते, जिनिव्हा सरोवरातून बाहेर पडून फ्रान्समध्ये शिरते, लियाँ शहरापाशी दक्षिणेकडे वळते आणि कामार्गच्या पाणथळ प्रदेशातून भूमध्य समुद्राला मिळते. वाइनच्या संदर्भात 'रोन खोरे' म्हणतात ते लियाँच्या दक्षिणेकडील व्हिएन गावापासून आव्हिन्याँच्या परिसरापर्यंतच्या, साधारण दोनशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्याला. या पट्ट्यात द्राक्षवेलींची लागवड रोमन काळापासून होत आली आहे. खोऱ्यातून उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा कोरडा, थंड आणि जोरदार वारा वाहतो. तो वेली मोडतो, पण पाने व घड कोरडे ठेवून बुरशीजन्य रोगांपासून त्यांचे रक्षणही करतो.

२. उत्तर रोन आणि दक्षिण रोन यांत इतका फरक का सांगितला जातो?

कारण हवामान, जमीन, द्राक्षे आणि वाइन करण्याची रीत, या चारही बाबतींत दोन्ही प्रदेश वेगळे आहेत. व्हिएनपासून व्हालाँसपर्यंतच्या उत्तर भागात खोरे अरुंद आहे. नदीकाठच्या ग्रॅनाइटच्या उभ्या उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या असतात, यंत्र तेथे चढत नाही, त्यामुळे बहुतेक काम हातानेच करावे लागते. हिवाळा कडक असतो आणि रेड वाइनसाठी सिरा हे एकच काळे द्राक्ष मान्य आहे. ही वाइन गडद रंगाची, ठसठशीत आंबटपणाची, मिरी, जांभळी फुले, काळे ऑलिव्ह आणि धुरावलेल्या मांसाची आठवण देणारी असते. तिचा मद्यांश बहुधा १२.५ ते १३.५ टक्क्यांच्या आसपास राहतो, अलीकडच्या उष्ण वर्षांत मात्र तो त्याहून वर गेलेला दिसतो.

मोंतेलिमारच्या खाली खोरे पसरट होते, ऑलिव्हची झाडे आणि लव्हेंडरची शेते दिसू लागतात आणि भूमध्य सागरी हवामान सुरू होते. येथे एकाच द्राक्षाची वाइन अपवादानेच आढळते. ग्रनाश हे मुख्य द्राक्ष असून त्याला सिरा, मुर्वेद्र, सॅन्सो यांची जोड दिली जाते. ग्रनाशमध्ये साखर भरपूर साठत असल्यामुळे मद्यांश १४ ते १५ टक्क्यांपर्यंत सहज जातो, आंबटपणा मवाळ असतो आणि चवीत पिकलेली लाल फळे, रानटी थाइम, ज्येष्ठमध यांचा ऊबदार भरणा असतो. उत्तरेच्या वाइनमध्ये ताण असतो, दक्षिणेच्या वाइनमध्ये विस्तार असतो. जेवणाविषयीच्या पुढील जवळजवळ सर्व उत्तरांना या फरकाचा आधार आहे.

३. लेबलवर 'कोत द्यु रोन', 'कोत द्यु रोन व्हिलाज' किंवा नुसते एखाद्या गावाचे नाव असते. यांतली श्रेणी कशी ओळखावी?

सर्वांत रुंद पायरी 'कोत द्यु रोन' ही आहे. १९३७ मध्ये मान्यता मिळालेल्या या नावाखाली दीडशेहून अधिक गावांतील द्राक्षे येतात आणि त्यांतली बहुतेक दक्षिणेतली असतात. त्याच्या वर 'कोत द्यु रोन व्हिलाज' येते. तिच्यासाठी उत्पादनाची मर्यादा अधिक कडक असते आणि वीसहून अधिक गावांना या नावाला आपले नाव जोडण्याची परवानगी आहे. सर्वांत वर स्वतंत्र नावाने विकल्या जाणाऱ्या वाइन आहेत, ज्यांना तेथे 'क्र्यू' म्हणतात. उत्तरेत कोत-रोती, सँ-जोझेफ, एर्मिताज, क्रोझ-एर्मिताज आणि कोर्नास यांची रेड वाइन या श्रेणीत येते. दक्षिणेत शातोनफ-द्यु-पाप, जिगोंदास, व्हाकेरास, लिराक, रास्तो, केरान, व्हँसोब्र आणि बोम-द-व्हनीझ ही प्रमुख नावे आहेत. जिगोंदासला हा दर्जा १९७१ मध्ये, व्हाकेरासला १९९० मध्ये, तर केरानला २०१६ मध्ये मिळाला, म्हणजे ही शिडी अजूनही बदलते आहे. तावेल हे नाव याच यादीत दिसते, पण तेथे केवळ रोझे, म्हणजे गुलाबी वाइन होते.

श्रेणी म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. शातो द फोन्सालेत या मळ्याची वाइन लेबलवर साधी 'कोत द्यु रोन' आहे, तरी तिची गणना खोऱ्यातील उत्तम वाइनमध्ये होते. उलट, नावाजलेल्या क्र्यूच्या नावाखाली उदास वाइनही विकली जाते. मळ्याचे नाव श्रेणीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे मानावे.

४. एर्मिताज आणि क्रोझ-एर्मिताज एकच आहेत का?

नाहीत आणि किमतीतील मोठ्या तफावतीचे कारणही हेच आहे. एर्मिताज ही तँ-लेर्मिताज या गावामागची दक्षिणाभिमुख टेकडी आहे. तिच्यावर सर्व मिळून सुमारे १४० हेक्टरच द्राक्षबागा आहेत. क्रोझ-एर्मिताज हा तिच्या भोवतालचा, बराचसा सपाट प्रदेश असून त्याचे क्षेत्र दीड हजार हेक्टरांहून अधिक आहे. द्राक्ष दोन्हीकडे सिराच. मात्र टेकडीवरची वाइन घट्ट, खोल आणि अनेक वर्षे टिकणारी असते, तर क्रोझची वाइन लवकर पिण्याजोगी व जेवणात सहज मिसळणारी असते. उत्तर रोनची पहिली ओळख करून घेण्यासाठी मी क्रोझ-एर्मिताज किंवा सँ-जोझेफच सुचवीन.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत बोर्दोच्या पातळ वाइनला बळ देण्यासाठी एर्मिताज तिच्यात मिसळली जाई आणि अशा मिश्रणाला जास्त भाव मिळे. या टेकडीशी निगडित आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. ब्रेलची लघुलिपी विकसित करणारे मोरिस मोनिए द ला सिझेरान यांच्या कुटुंबाची येथे द्राक्षबाग होती. ती बाग पुढे शापुतिए या घराण्याकडे आली आणि १९९६ पासून या घराण्याच्या बाटल्यांच्या लेबलांवर ब्रेल लिपीतील मजकूर छापला जातो.

५. कोत-रोती ही रेड वाइन असताना तिच्यात पांढरी द्राक्षे का घालतात?

नियमानुसार कोत-रोतीमध्ये व्हिओनिए या पांढऱ्या द्राक्षाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चालते. प्रत्यक्षात ते बहुधा त्याहून पुष्कळ कमी असते आणि काही उत्पादक ते मुळीच वापरत नाहीत. ही द्राक्षे सिराबरोबर एकाच टाकीत आंबवली जातात. त्यांच्यामुळे जर्दाळू आणि फुलांचा सुगंध येतोच, शिवाय सिराचा रंग अधिक स्थिर होतो, जे प्रथमदर्शनी उलटे वाटेल. पांढऱ्या द्राक्षांच्या सालींतील काही घटक लाल रंगद्रव्यांना धरून ठेवतात, हे त्याचे कारण आहे. एर्मिताज व क्रोझ-एर्मिताजमध्ये १५ टक्क्यांपर्यंत आणि सँ-जोझेफमध्ये १० टक्क्यांपर्यंत मार्सान व रूसान ही पांढरी द्राक्षे चालतात. कोर्नासमध्ये मात्र शंभर टक्के सिराच लागते.

६. शातोनफ-द्यु-पापमध्ये खरोखर तेरा द्राक्षे असतात का?

तेरा द्राक्षे वापरण्याची परवानगी आहे, बंधन नाही. ती अशी : ग्रनाश, सिरा, मुर्वेद्र, सॅन्सो, कूनवाज, तेरे, म्युस्कार्दँ, व्हाकारेझ, पिकपूल, क्लेरेत, बुर्बुलँक, रूसान आणि पिकार्दाँ. यांतील काहींचे काळे, गुलाबी आणि पांढरे प्रकार २००९ पासून वेगवेगळे मोजले जातात, म्हणून कोठे कोठे अठरा हा आकडा वाचायला मिळतो. शातो द बोकास्तेल हा मळा तेराही द्राक्षे लावण्यासाठी प्रसिद्ध आहे. याउलट शातो रायासची रेड वाइन वाळूमय जमिनीतील निव्वळ ग्रनाशची असते. दोन्ही वाइन एकाच नावाखाली विकल्या जातात, पण शेजारी ठेवून चाखल्यास त्या एका गावच्या वाटत नाहीत. बहुतेक मळ्यांत ग्रनाशचेच वर्चस्व असते.

१३०९ ते १३७७ या काळात पोप रोमऐवजी आव्हिन्याँमध्ये राहत होते आणि पोप जॉन बावीसावे यांनी या गावात उन्हाळी निवासासाठी किल्ला बांधला, तेथून गावाच्या वाइनची कीर्ती सुरू झाली. आधुनिक काळात नकली मालाने गावाचे नाव खराब होऊ लागले, तेव्हा शातो फोर्तियाचे मालक बारोन प्येर ल रुआ यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःसाठी नियम घालून घेतले. थाइम आणि लव्हेंडर ज्या रुक्ष जमिनीत उगवतात तेथेच वेली लावायच्या, मद्यांश किमान १२.५ टक्के हवा आणि रोझे करायची नाही, अशी त्यांतली काही कलमे होती. १९३६ मध्ये गावाला मिळालेल्या अधिकृत मान्यतेचा आणि फ्रान्सच्या पुढील साऱ्या वाइन-नामांकन पद्धतीचा पाया याच नियमांनी घातला. शेतकऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून कडक बंधने घालून घेण्याचे इतके फलदायी उदाहरण शेतीच्या इतिहासात विरळाच आहे.

७. सिरा वाइनमध्ये मिरीचा वास येतो असे सर्वत्र वाचतो, पण मला तो कधीच जाणवला नाही. माझे काही चुकते का?

चुकत नाही. हा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ते शिराझ (सिराचेच दुसरे नाव) द्राक्षांत ओळखले आणि प्रत्यक्ष काळ्या मिरीचा वासही त्याच्यामुळेच येतो असे दाखवून दिले. सुमारे पाचांपैकी एका माणसाला हे संयुग मुळीच जाणवत नाही, असेही त्या अभ्यासात आढळले. शिवाय थंड जागी आणि थंड वर्षी पिकलेल्या द्राक्षांत ते जास्त असते, त्यामुळे उष्ण वर्षाच्या बाटलीत ते इतरांनाही न जाणवण्याची शक्यता असते.

८. सिरा आणि आपल्याकडे नाशिकला होणारी शिराझ ही एकच द्राक्षे आहेत का?

होय, द्राक्ष एकच आहे. नावावरून ते इराणमधील शिराझ शहरातून आले अशी आख्यायिका पसरली होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीने ती निकालात काढली. सिरा हे आग्नेय फ्रान्समधील द्युरेझा आणि मोंदज ब्लांश या दोन जुन्या द्राक्षजातींचे अपत्य असल्याचे तिने सिद्ध केले. नाशिक परिसरातील शिराझ उबदार हवेत पिकते, तिथली तोड हिवाळ्याच्या अखेरीस आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस होते. त्यामुळे तिच्या चवीत पिकलेल्या फळाचा भर जास्त आणि उत्तर रोनचा ताण कमी असतो. ज्यांना नाशिकची शिराझ आवडते त्यांनी रोनची सुरुवात उत्तरेऐवजी दक्षिणेकडून केली तर चवीचा दुवा अधिक सहज सापडेल.

९. रोन रेड किती थंड करून प्यावी?

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम फ्रान्समधील जुन्या, थंड घरांसाठी होता. मुंबई-पुण्याच्या खोलीतले २८ अंश तापमान कोणत्याही रेड वाइनला मारक आहे आणि दक्षिण रोनला विशेषच, कारण उष्णतेत तिचा मद्यांश नाकात चढतो आणि फळाची चव दबून जाते. साध्या कोत द्यु रोनसाठी १४ ते १५ अंश आणि मोठ्या वाइनसाठी १६ ते १७ अंश सेल्सिअस योग्य ठरते. खोलीतली बाटली फ्रिजमध्ये दीड तास किंवा बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवल्यास साधारण तेवढी थंड होते. ग्लासात ती हळूहळू गरम होतेच, म्हणून किंचित जास्त थंड वाढणे केव्हाही श्रेयस्कर.

१०. जेवणाबरोबर रोन रेड निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

पदार्थात मांस कोणते आहे यापेक्षा तो कसा शिजवला आहे, हे आधी पाहावे. विस्तवावर भाजलेल्या, कडा किंचित करपलेल्या मांसाबरोबर उत्तरेची सिरा बसते, कारण तिच्यातच धूर आणि मिरी असते. तेच मांस मंद आचेवर तासन्‌तास रश्श्यात मुरवले असेल तर दक्षिणेची ग्रनाश अधिक जवळची वाटते. तिचा मऊ भरणा आणि रश्श्याचा दाटपणा एकमेकांत मिसळून जातात.

त्यानंतर चरबी पाहावी. तरुण कोर्नास किंवा एर्मिताजमधील टॅनिन, म्हणजे जिभेवर जाणवणारा तुरटपणा, लाळेतील प्रथिनांना चिकटतो. मांसातील प्रथिने आणि चरबी तोंडात असली की तो सौम्य होतो. म्हणून तुरट वाइन कोकराच्या चरबीदार बरगडीबरोबर एकदम गोडसर वाटू लागते आणि वाफवलेल्या कोंबडीबरोबर उगीच कठोर वाटते. शेवटी मीठ आणि आंबट यांचा विचार करावा. खारट पदार्थ वाइनची कडा बोथट करतात, तर आंबट पदार्थासमोर कमी आंबट वाइन बेचव पडते. टोमॅटोचा भर असलेल्या पदार्थाबरोबर दक्षिणेची वाइन घ्यायचीच असेल तर व्हाकेरास किंवा व्हँसोब्रसारखी सिराचे प्रमाण बरे असलेली, तुलनेने उत्साही वाइन घ्यावी.

११. त्या खोऱ्यातले लोक स्वतः या वाइनबरोबर काय खातात?

हा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे, कारण शतकानुशतके एकत्र वाढलेल्या अन्न आणि वाइनमध्ये जुळणीचे अर्धे काम आधीच झालेले असते. उत्तरेत लियाँचे स्वयंपाकघर जवळ आहे. तेथे सुकवलेले सॉसेज, डुकराच्या मांसाचे नाना प्रकार आणि आर्देशमधील कायेत हा डुकराचे मांस व पालेभाजी एकत्र करून भाजलेला गोळा, यांच्याबरोबर तरुण सँ-जोझेफ किंवा क्रोझ-एर्मिताज घेतली जाते. सोप्या, मिठाच्या आणि मांसल पदार्थांवर या वाइनचा आंबटपणा सुरीसारखा चालतो. हिवाळ्यात रानडुक्कर, ससा यांसारखी शिकार शिजते, तेव्हा मुरलेली कोर्नास किंवा एर्मिताज उघडण्याची प्रथा आहे.

दक्षिणेत सर्वांत प्रसिद्ध जोडी दोब या पदार्थाची. गोमांसाचे मोठे तुकडे रेड वाइन, कांदा, लसूण, थाइम, तमालपत्र आणि संत्र्याच्या सालीबरोबर मातीच्या भांड्यात कित्येक तास मंद शिजवतात. जिगोंदास किंवा शातोनफ याच्याबरोबर इतकी एकरूप होते की पदार्थ कोठे संपला आणि वाइन कोठे सुरू झाली हे सांगता येऊ नये. कामार्गमध्ये तेथील काळ्या बैलाच्या मांसाचा गार्दियान हा रस्सा करतात आणि तो कामार्गच्याच तांदळाबरोबर खातात. त्यासाठी दक्षिण काठावरची कोस्तिएर द नीम ही वाइन पुरेशी आणि स्वस्तही आहे. रोनवरच्या नावाड्यांचा म्हणून ओळखला जाणारा एक पदार्थ मला विशेष शिकवणारा वाटतो. त्यात गोमांसाच्या पातळ चकत्या आणि कांदा यांचे थर लावून मंद शिजवतात आणि शेवटी अँचोव्ही हा खारवलेला मासा, लसूण व थोडा व्हिनेगर यांचे वाटण घालतात. मांस, मीठ, आंबट आणि मासा एकत्र आल्यावर बहुतेक रेड वाइन गोंधळतात, पण साधी, थोडी थंड केलेली कोत द्यु रोन येथे उत्तम चालते.

याखेरीज थाइम आणि रोझमेरी लावून भाजलेले कोकरू दोन्ही प्रदेशांना चालते, आणि निओंचे काळे ऑलिव्ह वाटून केलेली तापनाद पावावर लावून वाढली तर सिरामधला ऑलिव्हचा वास उजळून येतो.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. आमच्यासाठी रोन रेडचा उपयोग आहे का?

निश्चित आहे आणि प्रोव्हान्सच्या भाज्यांचे पदार्थ त्याचा पुरावा आहेत. वांगी, भोपळी मिरची, झुकिनी आणि टोमॅटो ऑलिव्ह तेलात शिजवून केलेला रातातुई, किंवा याच भाज्यांच्या चकत्या रचून भट्टीत भाजलेला तियाँ, यांच्याबरोबर ग्रनाशप्रधान वाइन फार छान लागते. अट एवढीच की भाज्या पाणचट न राहता त्यांचा रस आटलेला असावा. मशरूम, मसूर, काबुली चणे आणि भाजलेली वांगी यांत मांसासारखा खोल स्वाद असतो, म्हणून क्रोझ-एर्मिताजही त्यांच्याबरोबर निभावते. मात्र मांसातील प्रथिने व चरबी नसल्यामुळे तुरटपणा झेलायला काही उरत नाही. यासाठी तरुण कोर्नास, तरुण एर्मिताज आणि मुर्वेद्र जास्त असलेल्या वाइन टाळाव्यात, किंवा ताटात सढळ ऑलिव्ह तेल, अक्रोड अथवा मुरलेले चीज ठेवावे. वाइन स्वतः शाकाहारी आहे का, याचे उत्तर प्रश्न १८ मध्ये दिले आहे.

१३. मराठी जेवणाबरोबर या वाइन चालतात का? तिखटाचे काय करावे?

तिखटपणा आणि मद्यांश यांचे वैर आहे. मिरचीतील कॅप्सेसिनने पेटलेल्या तोंडात १५ टक्के मद्यांशाची वाइन गेली की आग वाढते आणि तुरटपणा दुप्पट भासतो. म्हणून कोल्हापुरी तांबडा रस्सा किंवा नागपूरच्या सावजी पद्धतीच्या मटणाबरोबर शातोनफ उघडू नये, त्यात दोघांचेही नुकसान आहे. अशा जेवणाबरोबर रेडच हवी असेल तर कमी मद्यांशाची, सॅन्सोचा भर असलेली कोत द्यु रोन १३-१४ अंशांपर्यंत थंड करून घ्यावी.

मसालेदार म्हणजे तिखटच असे मात्र नाही. भाजलेले खोबरे, काळी मिरी, लवंग, दगडफूल यांचा वास असलेले आणि मिरची बेताची असलेले सुके मटण व सँ-जोझेफ ही माझ्या मते अत्यंत नैसर्गिक जोडी आहे, कारण मसाल्याचा गडद सुवास वाइनमध्ये आधीपासूनच असतो. काळ्या वाटाण्याच्या उसळीलाही हेच लागू पडते. भरल्या वांग्यात गूळ सढळ असेल तर वाइन कडवट लागेल. गूळ कमी आणि दाण्याचे कूट जास्त असेल तर व्हाकेरास किंवा केरान सुरेख जुळते. चिंच आणि कोकमाच्या आंबटपणासमोर ग्रनाश निस्तेज पडते, तेथे उत्तरेकडेच वळावे.

१४. माशांबरोबर रोन रेड कधीच चालत नाही, हे खरे आहे का?

बहुतांशी खरे आहे. रेड वाइननंतर तोंडात येणारी उग्र, धातूसारखी मासळी चव वाइनमधील लोहामुळे येते, असे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले. लोहाचे प्रमाण जमीन, उपकरणे आणि प्रक्रियेनुसार बदलते, त्यामुळे एखादी बाटली चालून जाते आणि दुसरी बिघडते. विस्तवावर भाजलेला ट्यूना, किंवा टोमॅटो व ऑलिव्हमध्ये शिजवलेला घट्ट मांसाचा मासा यांच्याबरोबर हलकी कोत द्यु रोन घेऊन पाहता येईल. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांबरोबर धोका पत्करू नये. प्रश्न ११ मधला नावाड्यांचा पदार्थ हा अपवाद आहे, कारण तेथे मासा केवळ खारट मसाल्याचे काम करतो.

१५. चीज कोणते घ्यावे?

साधारणपणे रेडपेक्षा व्हाइट वाइन चीजला अधिक मानवते. तरीही स्थानिक जोड्या आहेत. द्रोम आणि आर्देशमधील पिकोदों हे शेळीच्या दुधाचे छोटे चीज मुरून कडक झाले की सँ-जोझेफबरोबर चांगले लागते. सँ-मार्सलँ हे मऊ चीज फार वितळलेले नसेल तर क्रोझबरोबर चालते. निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर कोरडी, म्हणजे गोडी नसलेली रेड कडू होते, तेथे प्रश्न १६ मधील गोड वाइन घ्यावी.

१६. चॉकलेटबरोबर शातोनफ द्यावी असे एका ठिकाणी वाचले. ते योग्य आहे का?

माझे मत स्पष्टपणे 'नाही' असे आहे. चॉकलेटच्या गोडीसमोर कोरडी वाइन आंबट आणि तुरट भासते आणि महाग बाटली वाया जाते. गोड पदार्थाबरोबरची वाइन त्या पदार्थाइतकी तरी गोड असावी लागते. सुदैवाने खोऱ्यातच त्याचा उपाय आहे. रास्तोमध्ये कोरड्या रेडबरोबरच ग्रनाशची गोड वाइनही होते, जिला १९४४ पासून स्वतंत्र मान्यता आहे. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात मद्यार्क घालतात, त्यामुळे यीस्ट थांबते आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते. गडद चॉकलेट, सुके अंजीर आणि अक्रोड यांच्याबरोबर ही वाइन अप्रतिम लागते. जगभरच्या हलवायांना चॉकलेट पुरवणारी व्हालरोना ही कंपनीही १९२२ पासून याच खोऱ्यात, एर्मिताजच्या टेकडीखालच्या तँ-लेर्मिताज गावात आहे.

१७. कोणती बाटली किती वर्षे ठेवावी आणि कोणती वर्षे चांगली?

साधी कोत द्यु रोन दोन ते पाच वर्षांत संपवावी. क्रोझ-एर्मिताज चार ते आठ, जिगोंदास आठ ते पंधरा, कोत-रोती आणि कोर्नास दहा ते वीस वर्षे आणि उत्तम एर्मिताज त्याहूनही पुष्कळ अधिक काळ चांगली राहते. शातोनफमध्ये मळ्यानुसार फार फरक पडतो. २०१०, २०१५ आणि २०१६ ही वर्षे नावाजलेली आहेत. २०१६ हे दक्षिणेसाठी विशेष चांगले, तर २०१५ उत्तरेसाठी. सप्टेंबर २००२ मधील पुराने दक्षिणेतील तोड उद्ध्वस्त केली, २००३ च्या उष्णतेच्या लाटेत जड वाइन झाल्या आणि एप्रिल २०२१ च्या हिमदवाने उत्पादन घटले, मात्र २०२१ ची सिरा हलकी, मिरीदार आणि जेवणासाठी अतिशय सोयीची ठरली.

आपल्याकडे १२ ते १४ अंशांच्या स्थिर तापमानाची सोय नसेल तर बाटल्या साठवण्याचा विचार सोडावा आणि वर्षभरात प्याव्यात. वयाप्रमाणे जेवणही बदलते. जुन्या एर्मिताजमध्ये टॅनिन विरघळलेले असते, तिच्याबरोबर भाजलेले चरबीदार कोकरू दांडगाई करते. तिला मशरूम, काळा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) किंवा साधे भाजलेले पक्ष्याचे मांस द्यावे.

१८. रोन रेड शाकाहारी असते का?

प्रत्येक बाटली असेलच असे नाही. वाइन नितळ किंवा मऊ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातील केसीन किंवा जिलेटिन वापरले जाऊ शकते. हे घटक गाळासोबत काढून टाकले जातात. अंडे व दूध यांचे अंश उरल्यास युरोपीय नियमांनुसार २०१२ पासून लेबलवर तसा उल्लेख करावा लागतो, पण जिलेटिनसाठी तसे बंधन नाही. म्हणून उल्लेख नसणे म्हणजे शाकाहारी असणे, असे समजू नये. अनेक लहान मळे वाइन न गाळता व न निवळता भरतात, आणि काही मळे लेबलवर 'व्हेगन' असे स्पष्ट छापतात. शंका असल्यास त्या मळ्याच्या माहितीपत्रकावर विसंबावे.

१९. बाटलीच्या तळाशी गाळ आणि ग्लासात तबेल्यासारखा वास आहे. वाइन खराब झाली आहे का?

गाळ ही खराबी नाही. जुन्या किंवा न गाळलेल्या वाइनमध्ये रंगद्रव्ये व टॅनिन खाली बसतात. बाटली एक दिवस उभी ठेवून सावकाश डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात, ओतावी. तरुण कोर्नास किंवा एर्मिताजला गाळ नसला तरी एक-दोन तास हवा दिलेली चांगली, फार जुन्या वाइनला मात्र ओतल्यावर लगेच वाढावे.

तबेल्याचा, चामड्याचा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे येतो. जुन्या वळणाच्या रोन वाइनमध्ये तो थोडासा असे आणि काहींना तो आवडतोही. शिकारीच्या मांसाबरोबर तो सहज खपतो, पण त्याने फळाची चव झाकून टाकली असेल तर तो दोषच समजावा. ओल्या पुठ्ठ्याचा वास निराळा आहे. तो बुचातून येतो, हवा दिल्याने जात नाही, आणि अशी बाटली विक्रेत्याला परत करावी.

२०. लेबलवर निव्वळ सिरा आहे, गाव व्हिएनजवळचे आहे, पण नाव कोणत्याही क्र्यूचे नाही. अशी वाइन घ्यावी का?

ही बाटली बहुधा 'कोलिन रोदानिएन' या भौगोलिक नावाखालची असेल, जे क्र्यूंच्या हद्दीबाहेरील उत्तर रोनच्या टेकड्यांसाठी वापरतात. व्हिएनच्या उत्तरेकडील सेस्युएल येथे रोमन काळात गाजलेल्या आणि नंतर ओस पडलेल्या उतारांवर १९९० च्या दशकात काही उत्पादकांनी पुन्हा सिरा लावली. त्यांच्या वाइन कोत-रोतीच्या तोडीच्या असतात आणि तशाच महागही असतात. याच नावाच्या साध्या बाटल्या मात्र किफायतशीर असतात. सुकवलेले सॉसेज, भाजलेली कोंबडी किंवा मशरूमचा पुलाव अशा रोजच्या जेवणाला क्रोझ-एर्मिताजऐवजी त्या बिनदिक्कत घ्याव्यात.

२१. दोब शिजवताना भांड्यात शातोनफच घालावी लागते का?

नाही. कित्येक तासांच्या उकळीत वाइनचे सूक्ष्म सुगंध उडून जातात आणि शिल्लक राहतात ते आंबटपणा, रंग व भरणा. साधी, फळदार आणि ओकच्या लाकडी पिंपाचा फार वास नसलेली कोत द्यु रोन त्यासाठी योग्य आहे. जी वाइन ग्लासातून पिववत नाही ती भांड्यातही घालू नये, कारण आटल्यावर तिचे दोष अधिक गडद होतात. एका किलो मांसाला साधारण एक बाटली लागते. शातोनफ ताटाशेजारच्या ग्लासासाठी राखून ठेवावी आणि दोब आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून वाढावी, म्हणजे रस मुरतो आणि वर साकळलेली चरबी काढून टाकता येते.